एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचं रेशन सुरू करून देताना

शेजारच्या आजींना, गावाकडच्या काकांना किंवा स्वतःच्या आईवडिलांना रेशनचं धान्य नीट मिळावं म्हणून तुम्ही पहिल्यांदाच धावपळ करणार असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांसोबत रेशन दुकान, पुरवठा शाखा आणि आधार केंद्र यांच्या खेपा मी बऱ्याच केल्या आहेत. त्या खेपांमधला निम्मा वेळ कुठल्या खिडकीवर काय विचारायचं हे माहीत नसल्यामुळे जातो. तो तुमचा वाचावा.

एक गोष्ट आधीच सांगते. धान्य मिळत नाही म्हटलं की आपण थेट दुकानदाराशी वाद घालायला जातो. पण अडचण बहुतेक वेळा कार्डात असते नाहीतर आधारमध्ये. म्हणून सुरुवात दुकानापासून करू नका.

1. आधी कार्ड हातात घेऊन शांतपणे वाचा

आजींच्या ट्रंकेतलं कार्ड काढा. रंग बघा, शिक्का बघा, आतली नावं बघा, प्रत्येकाचं वय बघा.

कार्डाच्या रंगावरून हक्क ठरतो असा सगळीकडे समज आहे. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही आणि पिवळ्यावर सहसा मिळतं, एवढं खरं. घोळ होतो तो केशरी कार्डात. एकाच वाड्यात दोन केशरी कार्डं असतात, एकावर धान्य येतं, दुसऱ्यावर येत नाही, आणि मग दुकानदारावर संशय घेतला जातो. केशरी कार्डाची उत्पन्न मर्यादा वर्षाला 1 लाखापर्यंत आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या 'प्राधान्य कुटुंब' यादीत जाण्यासाठीची मर्यादा मात्र वेगळी आहे: शहरात 59 हजार, ग्रामीण भागात 44 हजार. यादीत असलेल्या कार्डावर तसा शिक्का मारलेला असतो. तो नसेल तर दुकानदाराकडे मागून काही उपयोग नाही, काम तहसीलच्या पुरवठा शाखेत आहे. मुंबई-ठाण्यात हेच काम शिधावाटप कार्यालयात होतं.

हक्क किती, तेही इथेच समजून घ्या. प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला 5 किलो मिळतं. दुकानात माणसाला 'युनिट' म्हणतात, त्यामुळे "तुमची युनिटं किती?" असं विचारलं की गोंधळू नका. अंत्योदय कार्डाला (ते सर्वांत गरीब कुटुंबांसाठी असतं) माणसं कितीही असोत, महिन्याला 35 किलो. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे, आणि 2024 पासून आणखी पाच वर्षं मोफतच राहील असं केंद्राने जाहीर केलं आहे. गहू-तांदळाच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर ते चूक आहे. अंत्योदय कार्डाला साखर मिळते तिचे मात्र पैसे पडतात.

कार्डाचा 12 अंकी ऑनलाइन क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. जुन्या हस्तलिखित कार्डावर तो नसेल तर दुकानदाराच्या मशीनवर किंवा पुरवठा शाखेत मिळतो. पुढच्या प्रत्येक कामात तोच विचारतात.

2. नाव कुणाच्या कार्डावर आहे?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आजी गावात एकट्या, मुलगा-सून पुण्यात, आणि आजींचं नाव मुलाच्या कार्डावर. अशी घरं गावोगाव आहेत. लोक सुचवतात, "आजींचं वेगळं कार्ड काढून टाका." ऐकायला सोपं वाटतं. पण वेगळं कार्ड काढायचं तर आधी मुलाच्या कार्डातून नाव कमी करावं लागतं, त्याचा दाखला घ्यावा लागतो, मग नव्या कार्डाचा अर्ज करावा लागतो. नवीन कार्ड मिळालं तरी त्यावर धान्य सुरू होईलच असं नाही, कारण यादीत जागा असावी लागते. कायद्याखालची संख्या 2011 च्या जनगणनेवर बांधलेली आहे. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले 76.32 टक्के आणि शहरी भागातले 45.34 टक्के लोक यात बसवायचे असं ठरलं. तालुक्याला वाटून आलेल्या या संख्येला कार्यालयात 'इष्टांक' म्हणतात. इष्टांक भरलेला असेल तर आजींचं नाव जुन्या कार्डावरूनही गेलं आणि नव्यावर धान्यही नाही, अशी अवस्था होते. चालू असलेलं नाव कमी करण्याआधी इष्टांकात जागा आहे का, हे पुरवठा शाखेत विचाराच.

तोवर दुसरा मार्ग आहे आणि माझ्या मते तोच आधी वापरावा. 'एक देश एक रेशन कार्ड' या व्यवस्थेत कार्डावरचा कुणीही सदस्य आपल्या अंगठ्यावर कुठल्याही रास्त भाव दुकानातून, म्हणजे रेशन दुकानातून, धान्य घेऊ शकतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आंतरराज्य पातळीवर हे सुरू झालं तेव्हा पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. आज ती सगळ्या देशात आहे. म्हणजे मुलाचं कार्ड पुण्याचं असलं तरी आजी गावच्या दुकानात 12 अंकी क्रमांक सांगून किंवा आधार देऊन आपला वाटा घेऊ शकतात. कार्डावरचं सगळं धान्य एकदम उचलायची सक्ती नाही, थोडं इथे थोडं तिथे चालतं. मुलगा सुरतला किंवा बेळगावला कामाला असेल तरी हेच लागू.

यात एक खाच आहे. मशीन कोणाचा वाटा कोणी घेतला हे बघत नाही, कार्डावर किती शिल्लक आहे एवढंच बघतं. मुलाने महिन्याच्या सुरुवातीला सगळी युनिटं उचलली तर आजींच्या अंगठ्याला शून्य दिसणार. त्यामुळे आधी मुलाला फोन करा आणि स्पष्ट बोला: आईचे 5 किलो आई गावाला घेणार, तेवढे सोडून उचला. हा फोन आजींना करायला लावू नका, त्यांना संकोच वाटतो. तुम्ही करा.

अंत्योदयबद्दल थोडं. निराधार विधवा, दुर्धर आजारी, दिव्यांग, आणि 60 वर्षांवरची, जगण्याचं खात्रीचं साधन किंवा कुणाचा आधार नसलेली माणसं या योजनेत बसतात. खरोखर एकट्या, निराधार व्यक्तीसाठी वेगळ्या कार्डाची खटपट करण्यात अर्थ आहे, पण इष्टांकाचा प्रश्न इथेही येतो. गावात असाल तर ग्रामसभेत नाव घ्यायला लावा आणि ठरावात ते लिहिलं गेलं का ते बघा.

3. कागदपत्रं

एकच पिशवी करा आणि ती आजींच्याच घरी ठेवा. तुमच्याकडे नको, तुम्ही बाहेरगावी गेलात तर त्यांचं काम अडतं.

– मूळ शिधापत्रिका, शिवाय पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स
– आधार कार्ड, मूळ आणि दोन-तीन झेरॉक्स
– पत्त्याचा पुरावा: लाइट बिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
– पासपोर्ट आकाराचे फोटो
– बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
– पतीचं किंवा पत्नीचं निधन झालं असेल तर मृत्यू दाखला
– आधारला जोडलेला मोबाइल, आणि तो चार्ज केलेला

कायद्याप्रमाणे कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या 18 वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीचं नाव असतं. त्यामुळे आजी गेल्या आणि आजोबा मागे राहिले की कार्ड आजींच्याच नावावर राहतं. मृत्यू दाखला देऊन नाव कमी करा आणि कुटुंबप्रमुख बदलून घ्या. हे काम दुःखाच्या दिवसांत मागे पडतं आणि नंतर केवायसीच्या, म्हणजे आधारवरून ओळख पडताळण्याच्या, वेळी अडतं.

आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतंय का, तेही आत्ताच पडताळा. कार्डावर 'सखुबाई' आणि आधारवर 'सखूबाई' असा फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या.

4. अर्ज देताना

नवीन कार्ड, नाव वाढवणं, नाव कमी करणं, दुरुस्ती, या प्रत्येकाचा नमुना वेगळा आहे. अर्ज ऑनलाइनही करता येतो आणि तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रावरही. तहसीलच्या आवारात "काम करून देतो" म्हणणारे भेटतील. हजारांत रक्कम सांगतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. सरकारी शुल्क मोजकंच असतं आणि त्याची पावती मिळते.

अर्ज दिला की पोच घ्या. पोचेवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे, आणि मुदत टळली तर वर अपील करता येतं. पण पोच नसेल तर अर्ज दिल्याचाच पुरावा नसतो.

5. ई-केवायसी आणि न उमटणारा अंगठा

कार्डावरच्या प्रत्येक सदस्याची ई-केवायसी झालेली असावी लागते. मुलाची झाली म्हणजे आईची झाली असं नाही. ती कुठल्याही रास्त भाव दुकानातल्या ई-पॉस मशीनवर (धान्य देताना अंगठा घेतात त्या मशीनवर) मोफत होते. त्यासाठी कुणाला गावाहून मूळ दुकानापर्यंत न्यायची गरज नाही.

शेतात, धुण्याभांड्यात किंवा विडी वळण्यात आयुष्य गेलेल्या हातांवर रेषा राहत नाहीत. मशीन परत परत नकार देतं, मागची रांग कुरकुरते, आणि म्हातारं माणूस ओशाळून घरी जातं. पुढच्या महिन्यात यायलाच नको म्हणतं. तुमची सोबत सगळ्यात जास्त लागते ती याच वेळी. काय करायचं ते क्रमाने सांगते.

घरून निघताना हात कोमट पाण्याने धुवून नीट पुसा. बोटं फार कोरडी असतील तर ओल्या फडक्याने किंचित दमट करा. मशीनची काचही पुसायला सांगा. अंगठाच लागतो असं नाही, दहाही बोटं चालतात. एकेक लावून बघा आणि जे बोट लागलं ते कार्डाच्या कव्हरवर लिहून ठेवा.

बोटं नाहीच लागली तर डोळ्यांचं स्कॅन आहे का विचारा. नव्या मशीनला ती सोय असते. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर धान्य घेताना ओटीपीचा पर्याय मागा. केवायसीसाठी चेहऱ्यावरूनही काम होतं: सरकारचं 'मेरा ई-केवायसी' आणि त्यासोबत 'आधार फेस आरडी' ही अॅप फोनवर घेतली की घरच्या घरी, चांगल्या उजेडात, चेहरा दाखवून केवायसी करता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे. त्यातही ओटीपी लागतो, म्हणून मोबाइल जोडणी आधी करा. ते काम पोस्टमनही घरी येऊन करून देतात, पोस्टात चौकशी करा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल किंवा आधार काढून बरीच वर्षं झाली असतील तर आधार केंद्रावर बोटं आणि डोळे नव्याने नोंदवून घ्या. घरातून उठता न येणाऱ्यांसाठी आधारची घरी येऊन नोंदणी करण्याची सशुल्क सेवा आहे, 1947 वर फोन करून विचारता येतं.

आता सावधगिरीचं. "तुमची रेशन केवायसी राहिली आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोराचाच समजा. केवायसी फोनवर बोलून होत नाही. हे आजींना एकदा सांगून भागत नाही, फोनच्या मागे चिठ्ठी चिकटवा.

आणखी एक. 2025 मध्ये केंद्राने काढलेल्या सुधारित आदेशात सलग सहा महिने धान्य न उचललेली कार्डं तात्पुरती निष्क्रिय करून पडताळणी करण्याची तरतूद आहे. आजी दवाखान्यात किंवा लेकीकडे असतील तरी, शक्य असेल तर तिथल्याच दुकानातून मधूनमधून धान्य उचलायला लावा.

6. दुकानात

माल आला का हे आधी फोन करून विचारा. दुकानदाराचा नंबर दुकानाच्या फलकावर असतो. महिना संपला की त्या महिन्याचं धान्य सहसा गेलं, म्हणून शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. सर्व्हर बंद पडतो तोही नेमका त्याच दिवसांत.

माल काट्यावर दिसल्याशिवाय अंगठा देऊ नका. "आज थम द्या, धान्य उद्या न्या" हे मान्य करू नका, कारण थम लागला की सरकारच्या नोंदीत तुम्ही धान्य घेतलेलं असतं. छापील पावती मागा. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळवा. गहू किती, तांदूळ किती, हे प्रमाण सरकार बदलतं, कधी ज्वारीही येते. एकूण वजन तेवढंच राहायला हवं.

मी दुकानदारांशी भांडणाच्या सुरात बोलत नाही. त्यातले पुष्कळ जण वयस्कर माणसाला बसायला स्टूल देतात, रांगेतून पुढे घेतात. "आजींना मंगळवारी दुपारी आणू का, गर्दी कमी असते तेव्हा?" असं विचारलं की सहसा हो म्हणतात.

7. दुकानापर्यंत जाताच येत नसेल तर

कार्डावर दुसरं कुणी सज्ञान असेल तर त्याच्या अंगठ्यावर पूर्ण धान्य मिळतं, सगळ्यांनी जायची गरज नाही. कार्डावर दुसरं कुणीच नसेल, आणि व्यक्ती 65 वर्षांवरची किंवा दिव्यांग असेल, तर त्यांच्या वतीने धान्य घेण्यासाठी माणूस नेमायची किंवा घरपोच द्यायची व्यवस्था करावी, अशा केंद्राच्या सूचना राज्यांना आहेत. हे आपोआप होत नाही. पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या: व्यक्तीचं वय, आजार, कार्ड क्रमांक, नेमायच्या माणसाचं नाव आणि आधार. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. नेमलेला माणूस शक्यतो नातेवाईक किंवा वर्षानुवर्षं ओळखीचा शेजारी असावा, आणि दर महिन्याची पावती त्याने आजींच्या पिशवीत टाकावी.

8. धान्य घरी आल्यावर

हा भाग सगळे विसरतात. 35 किलो धान्य दारात टाकून निघून गेलात तर ते निवडणार कोण, वाळवणार कोण, गिरणीत नेणार कोण? दोन-दोन, तीन-तीन किलोच्या पिशव्या करा, डबे कमरेच्या उंचीवर ठेवा. दळण एकदम न करता आठवड्याचंच करा. गिरणीवाल्याला सांगितलं तर तो पोराकरवी घरी पाठवतो. दात नसतील तर गव्हाचा थोडा जाडसर भरडा काढून घ्या, लापशीला आणि सांज्याला होतो. तांदूळ निवडताना एक लक्षात ठेवा: त्यात काही दाणे वेगळे, पिवळसर-पांढरे आणि पाण्यावर तरंगणारे दिसू शकतात. ते 'प्लास्टिकचे' म्हणून फेकले जातात. ते पोषणयुक्त केलेले दाणे आहेत, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 जीवनसत्त्व घालून बनवलेले, साधारण शंभरात एक. फेकू नका. डॉक्टरांनी लोह टाळायला सांगितलेलं असेल तर मात्र त्यांना विचारून घ्या.

गहू-तांदळावर माणूस जगतं, पण ताकद राहत नाही. डाळ, तेल, भाजी, दूध यांचे पैसे कुठून आणायचे हेही तहसीलच्या त्याच खेपेत बघा. 65 वर्षांवरच्या गरजू व्यक्तींसाठी श्रावणबाळ योजना आणि निराधारांसाठी संजय गांधी योजना आहे. दोन्हींत सर्वसाधारणपणे महिन्याला 1500 रुपये मिळतात, आणि कागदपत्रं बरीचशी हीच लागतात. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी पैसे खात्यात येतात, 2024 पासून ते महिन्याला 170 रुपये आहेत. खातं बंद पडलेलं असेल तर ते अडकून राहतात, म्हणून पासबुक भरून घ्या.

चूल पेटवायचीच ताकद नसेल तर जवळ शिवभोजन केंद्र चालू आहे का बघा. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेल्या या योजनेत 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो.

पेन्शन थोडीफार आहे म्हणून रेशनच्या यादीत न बसणाऱ्या, पण बाजारातून ओझं आणू न शकणाऱ्या मुंबई-पुण्याकडच्या ज्येष्ठांसाठी ग्राहक पंचायतीचा मार्ग मला आवडतो. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र मागवते आणि तो संघातल्याच एका घरी येतो. चार तरुण शेजारी त्याच संघात असले की आजोबांची पिशवी त्यांच्या दारात पोचते.

9. अडलं तर

आधी दुकानदार, मग पुरवठा निरीक्षक, मग तहसीलदार. सोबत 1967 या रेशनच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. परराज्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात धान्य घेताना अडलं तर 14445. घरातलेच त्रास देत असतील, मुलगा कार्ड अडवून ठेवत असेल, तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे.

त्यापुढे जायचं तर अन्न सुरक्षा कायद्यानेच जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग नेमले आहेत. हक्काचं धान्य मिळालंच नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता मागायची तरतूदही कायद्यात आहे. अर्ज साध्या मराठीत, एका पानात लिहा: कार्ड क्रमांक, दुकान क्रमांक, कुठल्या महिन्याचं किती धान्य मिळालं नाही, दुकानदाराने काय कारण सांगितलं. खाली अंगठा किंवा सही आजींचीच घ्या आणि संपर्कासाठी तुमचा नंबर द्या, म्हणजे कार्यालयाचा फोन आला तर तो उचलला जाईल.